ओट्यावरचा दगड

आमच्या उमरगा तालुक्यात दगडाला तोटा नाही. नांगर जरा खोल गेला की फाळ खणकतो. बांधावर दगड, विहिरीत दगड, देवळात दगड आणि नवसाला पावणारा म्हसोबाही दगडच. पण हा सगळा एकाच जातीचा, काळा कातळ. ह्या कातळाची फरशी होत नाही. आज घरोघरी स्वयंपाकाच्या ओट्यावर जो दगड दिसतो तो आमच्या रानातला नव्हे, बाहेरून आलेला पाहुणा आहे. तो कुठून आला, कधी आला आणि त्याच्या आधी आमच्या बायका कशावर रांधत होत्या, हे मी जेवढं पाहिलं, ऐकलं आणि थोडंफार वाचलं तेवढं इथं लिहितो. गावचा इतिहास लिहायचा म्हटलं की लोक लढाया आणि वतनं लिहितात. ओट्याचा इतिहास कोण लिहिणार?

आधी दगडाची जात सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. आमचा काळा कातळ म्हणजे जमिनीतून वर आलेला आणि थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला आणि त्याचंच हे दख्खनचं पठार झालं. वरच्या थरात थंड झाल्यामुळं दाणा बारीक, अंग घट्ट. घणाचा घाव घातला तर तो कुठंही फुटेल, पण पापुद्रा काही सुटणार नाही. म्हणून त्याचं जातं होतं, पाटा होतो, उखळ होतं, घराची चौकट होते. दोन बोटं जाडीची सहा फूट लांब पाटी मात्र निघत नाही.

तशी पाटी निघते ती शहाबादी. आमच्या गावापासून आळंदवरून गुलबर्गा आणि पुढं शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम हा सगळा चुन्याच्या दगडाचा पट्टा. फार फार जुन्या काळी तिथं उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थराथरानं बसला आणि त्याचा दगड झाला. थराचा दगड असल्यामुळं पहार घालून, छिन्नीनं सांधा धरून उचलला की वहीचं पान निघावं तसा सुटतो. ह्याच दगडाचं सिमेंट होतं. शहाबादला निजामाच्या काळापासून सिमेंटचा कारखाना होता, तो उगीच नव्हे.

आता आमच्या घरातलं सांगतो. मी १९६१ चा. माझ्या लहानपणी स्वयंपाकघर म्हणजे माळवदाच्या घरातली आतली खोली. तिला खिडकी नव्हती, धूर जायला माळवदाला एक सवणं होतं, पाऊस आला की त्यावर डेचकं पालथं घालायचं. चूल जमिनीलगत, मातीची, शेजारी वैल. चुलीच्या अंगाला भानोस, म्हणजे हातभर लांब मातीचा कट्टा. त्यावर तव्यावरची भाकरी ठेवायची, मिठाचं मडकं ठेवायचं, विस्तवाजवळ कालवण ऊन राहायचं. ओटा म्हणाल तर तेवढाच. सगळं काम बसून. बसून चिरायचं, बसून थापायचं, उकिडवं बसून फुंकणीनं जाळ करायचा, आणि उठायचं ते पाण्यासाठी. आई दिवसातून किती वेळा उठत-बसत असेल ते मी कधी मोजलं नाही.

दगड म्हणाल तर घरात तीन होते: जातं, पाटा-वरवंटा आणि उखळ. तिन्ही काळ्या कातळाचे. जातं हे घराचं घड्याळ होतं. पहाटे त्याचा घरघर आवाज सुरू झाला की चार वाजले असं समजायचं. ज्वारी दळून दळून जात्याचे दात झिजायचे, पीठ भरडं पडायचं, मग आई वडाराची वाट बघायची.

आमच्याकडं वडार समाजाचे लोक कायम यायचे. गाडी वडार खाणीतून दगड काढून गाडीनं वाहायचे, माती वडार मातीकाम करायचे आणि पाथरट वडार घडाईचं काम करायचे. घरात आपसात तेलुगूसारखं बोलायचे, आमच्याशी मराठी. आमच्या गावाला येणारे एक म्हातारे होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी हाळी दिली की बायका जात्याच्या तळ्या बाहेर आणून ठेवायच्या. तात्या मांडी घालून बसायचे आणि टाकीनं टिचटिच करत सगळ्या तळीवर घर उठवायचे. मजुरी म्हणजे पायलीतली ज्वारी, वर एक भाकरी आणि मिरचीचा ठेचा. टाकी लावल्यावर पहिलं दळण जनावराला घालायचं, कारण पिठात कच यायची. तात्यांच्या डोळ्यात कायम पाणी असायचं आणि ते खोकायचे. आम्ही पोरं समजायचो, म्हातारं माणूस आहे, खोकायचंच.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गावच वडार झालं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. पेरलेलं उगवलं नाही, विहिरी आटल्या, सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि कुळवाडी असो, पाटील असो, सगळ्यांच्या बायका रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसल्या. माझी आईही बसली. मी अकरा वर्षांचा, तिच्यासोबत जायचो. काळा कातळच फोडायचा, हातोडीनं, सारख्या मापाचा, आणि ब्रासवर मोजून पैसे. खायला सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी. दगडाचा कपचा उडून कुणाच्या डोळ्याला लागे, कुणाच्या नडगीला. आईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तेव्हा फुटलं ते पुढं नीट आलंच नाही. पुढं कधीतरी ओट्यावर भाकरी थापताना तिचा तो अंगठा बघितला की मला उमरगा-आळंद रस्त्याची खडी आठवायची. त्या रस्त्यावरूनच नंतर शहाबादी फरशीचे ट्रक आमच्या गावाकडं आले.

शहाबादी फरशी आमच्या भागात काही नवी नव्हती, पण ती आमच्यासारख्यांच्या घरात नव्हती. वडील सांगायचे, निजामाच्या राज्यात, हाली सिक्का चालायचा तेव्हा, फरशी असायची ती देशमुखाच्या वाड्यात, देवळात आणि सरकारी कचेरीत. बाकी सगळ्यांची जमीन शेणानं सारवलेली. फरशी आमच्या जवळची, पण ती आमच्याआधी मुंबईला पोचली होती. त्याला कारण रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, गुलबर्गा, शहाबाद, वाडी करत १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. चुन्याचा दगड रुळाच्या अगदी अंगावरच होता. तो वाघिणीत भरून पुण्यामुंबईच्या चाळींत गेला, शाळांत गेला, मोऱ्यांत गेला. आजूबाजूच्या बऱ्याच गावांतल्या खाणींचा माल, पण नाव पडलं शहाबादी.

ह्याच रुळावर पुढं गेलं तर रायचूर, गुंतकल आणि मग कडप्पा. कडप्पा हे गावाचं नाव आहे, हे आमच्याकडं निम्म्या गवंड्यांना ठाऊक नाही. ते समजतात कडप्पा म्हणजे काळी फरशी. ती आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून आणि शेजारच्या कर्नूलकडच्या बेतमचर्लातून येते. तीही चुन्याचाच दगड, फक्त रंग काळा आणि अंग जास्त घट्ट. वाडीहून एक फाटा सिकंदराबादला गेला, निजामाची रेल्वे, १८७४ ची. त्यावर तांडूर. तिथली निळसर आणि पिवळट तांडूर फरशी. तेव्हा आपण ज्यांना तीन वेगळे दगड म्हणतो ते रेल्वेच्या आधारानं आलेले एकाच घरातले भाऊ आहेत. रंगावर जाऊ नका. लिंबाचा थेंब टाकला की तिघेही सारखेच वागतात. ते पुढं सांगतो.

पण घरात फरशी येणं वेगळं आणि स्वयंपाकाला ओटा येणं वेगळं. ओटा आला तो दगडामुळं नाही, जाळामुळं आला. सरपण असेपर्यंत चूल जमिनीवरच राहणार, कारण लाकूड लांब असतं, राख पडते, जाळ मागं-पुढं करावा लागतो. ऐंशीच्या सालानंतर गावात गोबरगॅस आला. ज्यांच्या दावणीला चार जनावरं होती त्यांनी शेणाच्या टाक्या बांधल्या, वर लोखंडी टोपण तरंगायचं. नळी भिंतीतून आत आली आणि शेगडी ठेवायला कट्टा लागला. आमच्या भावकीत पहिला उभा ओटा झाला तो असा. बघायला अख्खी गल्ली गेली होती. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, “उभ्यानं सैपाक? अन्नाला पाय लागल्यावानी वाटतंय की.” माझी आई त्यांच्यातच होती. तिला ते अजिबात पटलं नव्हतं.

मग भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. किल्लारी, सास्तूर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं गाव मधल्या पट्ट्यात नव्हतं, तरी आमच्या घराची मागची भिंत आली. इथं मला दगडाबद्दल एक सांगायचंच आहे. लोक म्हणतात, भूकंपानं माणसं मारली. माणसं भिंतींनी मारली. आमच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, पण त्या खऱ्या एक भिंत नव्हत्याच. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये चिखल आणि कपचे. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड घातलेला नसायचा. वरून माळवदाची दीड-दोन फूट माती. जमीन हलली की आतला थर आत, बाहेरचा बाहेर, आणि वरची माती मधोमध. पुढं दुरुस्तीसाठी इंजिनिअर आले त्यांनी हेच सांगितलं. भिंतीला आरपार भोकं पाडून, सळई घालून काँक्रीट भरायला लावलं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतील. बावन्न गावं तर जागा सोडून नव्यानं वसवली.

आई त्या भिंतीखाली सापडली. कंबरेपासून खाली. आम्ही हातानं दगड काढले. जीव वाचला, उजवा गुडघा गेला. सोलापूरच्या दवाखान्यात दीड महिना काढून आली तेव्हा पाय सरळ राहायचा, दुमडायचा नाही. त्या बाईनं पन्नास वर्षं जमिनीवर बसून रांधलं होतं. आता तिला बसताच येत नव्हतं. पत्र्याच्या शेडात माझी बायको तीन दगडांवर चूल मांडून स्वयंपाक करायची आणि आई बाजेवर बसून बघायची. ती खचली ती पायामुळं नाही, ह्या बघत बसण्यामुळं. एक दिवस म्हणाली, “बसाय येत न्हाई म्हणून काय मी सैपाक सोडू? मला त्यो उभा कट्टा करून द्या.”

१९९५ ला घराची दुरुस्ती झाली, मदतीचे हप्ते टप्प्याटप्प्यानं आले. मागची पडकी खोली काढून तिथं विटा-सिमेंटचं स्वयंपाकघर केलं. दगडाची भिंत आईला नकोच होती. डोक्यावर पत्रा, भिंत विटेची, आणि ओट्यावर शहाबादी फरशी. हाताखाली दगड असलेला तिला चालायचा.

उंचीवरून मात्र वाजलं. गवंडी लातूरकडचा, कामाला चांगला, पण त्याचं माप ठरलेलं: तीन फूट. त्याच्या कंबरेला ते बरोबर यायचं. माझी आई पाच फुटाला कमी. आई म्हणाली, मी उभी राहते, माझं माप घे. तो म्हणाला, “आजी, ओट्याचं माप ठरलेलं असतंय.” आईनं काठी टेकत उभं राहून कोपर दुमडला, कोपराच्या खाली चार बोटं सोडून भिंतीवर कोळशानं रेघ मारली आणि तिथंच उभी राहिली. रेघ भरली एकतीस इंच. ओटा एकतीस इंचाचा झाला. पुढं मी कितीतरी घरांत बायका पाटावर उभ्या राहून भाकरी थापताना पाहिल्या आहेत. तीन फुटाचे ओटे, गवंड्याच्या कंबरेचे. दगड कोणता घ्यायचा ह्याची चर्चा घरोघरी आठ-आठ दिवस चालते, उंची कुणी विचारत नाही. माझ्या मते दगडाच्या आधी उंची. पीठ मळताना खांदा वर उचलावा लागत असेल तर तो ओटा चुकला, त्यावर संगमरवर लावा नाहीतर सोनं.

आईनं त्या ओट्यावर अकरा वर्षं स्वयंपाक केला. एका बाजूला लोखंडी स्टूल होतं, त्यावर कंबर टेकायची, पाय सरळ ठेवायची. आधी वातीचा स्टो, मग १९९८ ला गॅस. पाटा-वरवंटा तिनं ओट्याच्या टोकाला चढवून घेतला. वाटण उभ्यानं. सूनबाईनं मिक्सर आणला तरी शेंगदाण्याची चटणी पाट्यावरचीच. जातं मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिलं, गिरणी आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. तात्यांची हाळी तर भूकंपाच्या आधीच बंद झाली होती.

शहाबादी ओट्याचा स्वभाव ह्या अकरा वर्षांत आम्हाला कळला. चुन्याचा दगड आंबटाचा वैरी. आमच्याकडं चिंच रोजची. भिजवलेल्या चिंचेचं मडकं एकाच जागी ठेवून ठेवून तिथं पांढरा गोल उठला. तो डाग नसतो, म्हणून धुऊन जात नाही. आंबटानं तेवढा दगड खाल्लेला असतो, त्याची चमक गेलेली असते. लिंबू, चिंच, आंबट ताक, टमाटा, सगळ्यांचं तेच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे संडास धुवायचं ॲसिड. शेजारच्या एका घरी ओटा लख्ख व्हावा म्हणून ते ओतलं, फरशी फसफसली आणि पार भुरभुरीत झाली. शहाबादीला, कडप्प्याला राखाडी किंवा साधा साबण पुरे. आमच्या बायका कडप्पा काळाभोर दिसावा म्हणून खोबरेल तेलाचा बोळा फिरवतात. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, अगदी पुसट, आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं तर हरकत नाही. रोज तेल लावलं तर त्यावर पीठ आणि धूळ बसून किटण चढतं. हळदीच्या डागाला फार जिवाला लावून घेऊ नये. ऊन येत असेल तर तो आपोआप फिका होतो.

आई २००६ मध्ये गेली. ओटा तसाच चालला. २०१२ ला थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा घर नीट करायचं निघालं आणि ग्रॅनाईटचा विषय आला.

ग्रॅनाईट म्हणजे आमच्याकडच्या बायकांना ओळखीच्या गावचा दगड. इलकल. आई जन्मभर इरकली लुगडं नेसली, त्याच इलकलच्या आसपास लाल ग्रॅनाईटच्या खाणी आहेत. करीमनगरकडून तपकिरी येतो. आंध्रात प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्ती नावाचं गाव आहे, तिथून काळ्यात सोनेरी टिकल्यांचा येतो, त्याला बाजारात ब्लॅक गॅलेक्सी म्हणतात. गंमत अशी की दुकानात काळा ग्रॅनाईट म्हणून मिळतो तो शास्त्राप्रमाणं ग्रॅनाईट नसतोच बहुतेक वेळा. तोही लाव्ह्याच्याच जातीचा. आमचा कातळ वर येऊन लवकर थंड झाला, तो जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, म्हणून त्याचा दाणा मोठा. म्हणजे आमच्या जात्याचा हा चुलतभाऊच. एवढं कठीण अंग पूर्वी कापणार कोण? हिऱ्याचे दात बसवलेल्या यांत्रिक करवती आल्या तेव्हाच तो पातळ पाट्या होऊन आमच्यापर्यंत आला.

सोलापूरला दुकानात आम्ही तिघं गेलो, मी, बायको आणि थोरला. होणाऱ्या सूनबाईंचं माप आधीच कागदावर मागवून घेतलं होतं, त्या उंच, त्यांचं तेहेतीस इंच आलं. बायकोचं एकतीस. शेवटी ओटा बत्तीसचा. दुकानदार पहिल्यांदा एक पाटी दाखवत होता, इतकी काळी की तोंड दिसावं, आणि दर बाकीच्यांपेक्षा कमी. बायकोनं पिशवीतून पांढरं फडकं काढलं आणि दुकानातल्याच पोराकडून रंगाचं थिनर मागून घेतलं. घासलं तर फडकं काळं. म्हणजे करड्या दगडाला रंग चढवलेला. तो रंग वर्ष-दोन वर्षांत शेगडीजवळ आणि नळाजवळ उडतो आणि ओटा खरजेल्या जनावरासारखा दिसतो. ही युक्ती तिला तिच्या भावानं शिकवली होती, तो पुण्याला फरशी बसवायचं काम करतो.

त्यानं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टीही आम्ही केल्या. पाटीवर पाणी टाकून पाव तास थांबायचं. पाण्याखालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, उद्या तेलही पिईल. पाटी ओली करून सुकताना बघायची. सगळा दगड सुकला आणि एक केसासारखी रेघ ओली राहिली तर तिथं चीर आहे. रुपयानं वाजवून बघायची, मडकं घेताना वाजवतो तशी. खणखणीत बोलली तर अंग साबूत. आणि लिंबाचा थेंब टाकून तासभर ठेवायचा. जागा पांढुरकी झाली तर ग्रॅनाईट म्हणून चुन्याचा दगड गळ्यात घालताहेत. सूर्यप्रकाशात बघितल्याशिवाय पाटी पसंत करू नये, दुकानाच्या दिव्याखाली सगळंच चकाकतं. फार पांढरा घेऊ नये. आमच्याकडच्या फोडणीला पांढरा दगड टिकत नाही. पुण्याच्या एका भाच्यानं फ्लॅटमध्ये पांढरा घेतला, दोन वर्षांत शेगडीभोवती तेलाचा पिवळा नकाशा. मैद्यात खाण्याचा सोडा आणि पाणी घालून त्याचा लेप रात्रभर थापून ठेवला की थोडं तेल ओढून घेतो. सगळं नाही.

पाटी आली आणि ती बसवायला दोन पोरं आली. त्यातला एक मला ओळखीचा वाटला. विचारलं तर तात्यांचा नातू. आजा टाकी लावायचा, बाप खाणीवर होता, हा ग्रॅनाईट कापतो. तिसरी पिढी, दगड सुटला नाही. त्यानं अंगणात पाटी आडवी टाकली, बेसिनचं माप मारलं आणि ग्राइंडर लावला. पांढरा धुरळा उठला तो लिंबाच्या शेंड्यापर्यंत. तोंडाला नुसता रुमाल. मी म्हटलं, “बाळा, पाणी मारून काप की.” म्हणाला, “पाण्यानं करंट बसतो काका, मशीन साधी हाय.” खरं होतं त्याचं. मग मी मोटर चालू करून लांबून पाइपानं पाण्याची बारीक धार पाटीवर धरायला गेलो, तर बायकोनं अडवलं, त्याला शॉक बसला म्हणजे? शेवटी असं ठरलं की पाटी आधी चिंब भिजवायची, मशीन बंद करायचं, पुन्हा भिजवायची, पुन्हा कापायचं. एका तासाच्या कामाला तीन तास लागले. जोडीदार कटकट करत होता, अजून दोन घरं होती त्यांची.

चहाला बसल्यावर त्या पोरानं सांगितलं की त्याचा थोरला भाऊ ह्याच कामात होता. त्याला दम लागायला लागला. टीबी म्हणून वर्षभर गोळ्या दिल्या, फरक पडेना. मग मोठ्या दवाखान्यात फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे, ती निघत नसते. वय अठ्ठावीस. सिलिकोसिस म्हणतात त्याला. ग्रॅनाईटमध्ये गारगोटीचा अंश भरपूर असतो, त्याची बारीक धूळ आत गेली की फुप्फुस आतून वाळल्यासारखं होतं. मला तेव्हा तात्यांचा खोकला आठवला. हल्ली शहरात गारगोटीच्या भुकटीत डिंकासारखं रसायन घालून कारखान्यात केलेला दगड ओट्याला लावतात, क्वार्ट्झ म्हणतात. त्याची धूळ तर ह्याहून वाईट. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली, कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसापायी. आपल्याकडं तो फॅशनमध्ये आहे.

म्हणून कुणी मला ओटा करायचा म्हणून विचारलं तर मी दगडाचा दर नंतर सांगतो. आधी सांगतो की बेसिनचं आणि शेगडीचं भोक दुकानातच पाडून घ्या, जिथं पाण्याची मशीन असते. दोन पैसे जास्त लागतील. भोकाचे कोपरे काटकोनात कापू देऊ नका, गोल ठेवा, चीर कायम कोपऱ्यातूनच जाते. आणि घरी कापायचंच असेल तर दगड ओला ठेवा, पोरांना तोंडाला नीट बांधायला लावा, लेकराबाळांना लांब ठेवा, आणि त्यांना घाई करू नका.

आमचा ग्रॅनाईटचा ओटा आता दहा वर्षांच्या पुढं गेला. त्याला लिंबाची भीती नाही, चिंचेची नाही. तापलेला कुकर मात्र सूनबाई त्यावर थेट टेकवत नाहीत, खाली लाकडी पाट. थंडीच्या दिवसांत गार दगडावर एकदम ताव आला तर तडकू शकतो. रात्री ओल्या फडक्यानं पुसणं आणि मग कोरड्यानं पुसणं, एवढंच त्याचं कौतुक. पाणी साठू दिलं की नळाच्या बुडाला क्षाराचा पांढरा थर चढतो, आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार.

बेसिनसाठी कापून निघालेला चौकोनी तुकडा तात्यांच्या नातवानं कडा घासून सूनबाईंना दिला. त्यावर त्या चपात्या लाटतात. जुन्या ओट्याच्या शहाबादी पाट्या मी फुटू न देता काढून घेतल्या. एक गोठ्यात गव्हाणीखाली गेली. दुसरी, चिंचेच्या मडक्याचा गोल असलेली, पाण्याच्या टाकीजवळ बसवली, तिच्यावर आता धुणं धुतात.